मोंटूचं पुढे काय झालं?

‘मॅडम, फिर मोंटू का क्या हुआ?’

तास संपायला पाच मिनिटं उरली होती. टी.वाय.च्या वर्गात आम्ही अमिताव घोष यांची ‘द शॅडो लाइन्स’ ही कादंबरी वाचत होतो. ‘कादंबरीतील भीती’ यावर परीक्षेत प्रश्न येऊ शकतो, म्हणून मी फळ्यावर मुद्दे लिहीत होते. अफवा, फाळणी, सीमारेषा, आठवण. मागच्या बाकावरच्या मुलीचा प्रश्न यातल्या कुठल्याच मुद्द्यात बसत नव्हता. मी म्हणाले, ‘लेखकाने ते फारसं सांगितलेलं नाही.’ ती म्हणाली, ‘मग कुणी विचारलंही नाही?’

मी गेली काही वर्षं ही कादंबरी शिकवते आहे. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. त्या रात्री घरी येऊन ती पानं पुन्हा वाचली. हा लेख त्यातून आला आहे. समीक्षा म्हणून तो वाचू नका. मुंब्र्यात राहणाऱ्या एका बाईने एक कादंबरी वाचली आणि त्यात तिला स्वतःचं बालपण सापडलं, एवढंच समजा.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ती १९८८ साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्या वर्षी तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. निवेदक कलकत्त्यातला एक मुलगा आहे, त्याचं नाव शेवटपर्यंत कळत नाही. त्रिदिब हा त्याचा काका लागतो. त्रिदिबनेच त्याला नकाशे बघायला आणि न पाहिलेल्या शहरांची कल्पना करायला शिकवलेलं असतं. जानेवारी १९६४ मध्ये त्रिदिब ढाक्याला जातो आणि तिथे जमावाच्या हातून मारला जातो. पुढची सगळी कादंबरी त्या मृत्यूभोवती फिरते. ही गमावण्याची गोष्ट आहे, असं सगळेच म्हणतात. माझं म्हणणं असं की ती गमावण्याआधी आणि गमावल्यानंतर भीती माणसांचं काय करते, त्याचीही गोष्ट आहे. आणि आपण तो भाग घाईघाईने वाचतो.

पाण्याची बाटली

१० जानेवारी १९६४ ची सकाळ. मद्रासला इंग्लंडविरुद्ध कसोटी सुरू होते आहे, बुधी कुंदरन शतक ठोकणार आहे. कलकत्त्यात अकरा-बारा वर्षांचा आपला निवेदक शाळेच्या बसमध्ये चढतो. बस जवळपास रिकामी आहे. मोजकी मुलं एकत्र बसली आहेत. ती सांगतात, टाला टाकीच्या पाण्यात विष घातलंय. म्हणजे सगळ्या शहराच्या पाण्यात. आईने बाटलीत भरून दिलेलं पाणी एका वाक्यात पिण्याजोगं राहत नाही.

विष कुणी घातलं? ‘त्यांनी’. हे ‘ते’ कोण, असं बसमधलं एकही मूल विचारत नाही. सगळ्यांना ते माहीत असतं. मुलांना अजून भूमितीची प्रमेयं येत नाहीत, पण ‘ते’ कोण हे येतं. भीतीची पहिली करामत ही आहे. माहितीची वाट न बघता ती आधी येते आणि माहितीची जागा अडवून बसते.

मग विषय मोंटूवर येतो. मोंटू म्हणजे मनसूर, निवेदकाचा मित्र. मुलं त्याच्याबद्दल विचारतात. निवेदक पटकन सांगून टाकतो की मोंटूला आपण कित्येक महिन्यांत भेटलेलोच नाही. हे खोटं असतं. त्याला कुणी धमकावलेलं नाही, मारलेलं नाही. फक्त चार मुलांनी त्याच्याकडे पाहिलं आहे. तेवढ्यावर तो आपला मित्र टाकून देतो.

त्या दिवशी दुपारी घरी परतताना मुलांच्या बसमागे जमाव लागतो. परीक्षेसाठी विद्यार्थी तोच प्रसंग लिहितात, कारण त्यात थरार आहे. पण खरं नुकसान सकाळीच होऊन गेलेलं असतं. कादंबरीतला पहिला माणूस ढाक्यात गमावला जात नाही. तो कलकत्त्यातल्या शाळेच्या बसमध्ये, एका लहानशा खोट्याने गमावला जातो. तो जिवंत आहे, म्हणून त्याची मोजदाद होत नाही.

आता माझी गोष्ट. जानेवारी १९९३ मध्ये मी नऊ वर्षांची होते. आम्ही मुंबईत एका चाळीत राहत होतो. चाळीत आमची तीनच घरं मुसलमानांची. माझी मैत्रीण दोन खोल्या सोडून राहायची. तिच्याकडच्या गणपतीत मी आरतीला टाळ्या वाजवायचे आणि ईदला ती आमच्याकडे शीरखुर्मा प्यायला यायची. त्या दिवसांत अम्मीने मला बजावून ठेवलं होतं की खाली गेलीस तर मला ‘मम्मी’ म्हणून हाक मार. एका संध्याकाळी मी जिन्यात बसले होते. खाली नळावर मुली जमल्या होत्या. कुणीतरी माझ्या मैत्रिणीला माझ्याबद्दल काहीतरी विचारलं. ती म्हणाली, ‘मी नाही बोलत तिच्याशी. कधीच नव्हते बोलत.’

आदल्या दिवशी आम्ही दोघी तिच्या गॅलरीत सागरगोटे खेळलो होतो.

ते वाक्य मी तीस वर्षं जपून ठेवलं. जखम जपतात तसं. मोंटूचा प्रश्न आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी ही कादंबरी शिकवत होते, पण मोंटू मीच होते हे मी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. आणि दुसरीही गोष्ट लक्षात आली. कादंबरी मोंटूच्या बाजूने लिहिलेली नाही, खोटं बोलणाऱ्या मुलाच्या बाजूने लिहिलेली आहे. तो मोठा झाल्यावरही ते खोटं विसरलेला नाही. म्हणजे माझी मैत्रीणही विसरली नसेल कदाचित. नऊ वर्षांची ती मुलगी दुष्ट नव्हती, घाबरलेली होती. ही गोष्ट मला कुठल्या एकता मेळाव्यात नाही, एका कादंबरीत कळली.

‘अपघात झाला’

त्रिदिब गेल्यावर घरातली माणसं मुलाला सांगतात की तो अपघातात गेला. विषय बंद. निवेदकाला खरं काय ते तुकड्यातुकड्यांनी कळतं, आणि त्यासाठी कित्येक वर्षं जातात. आधी रॉबीकडून, जो त्या दिवशी ढाक्यात गाडीत होता आणि आजही त्या स्वप्नाने दचकून उठतो. मग मे या इंग्रज मैत्रिणीकडून, जिला वाटत राहतं की त्रिदिब आपल्यामुळे मेला.

मधल्या काळात निवेदक दिल्लीत शिकत असतो. १९६४ च्या दंगलीचा विषय निघतो तेव्हा त्याचा एक मित्र म्हणतो की अशी काही दंगल झाल्याचं मला आठवत नाही. हे शिकलेले, इतिहासावर वाद घालणारे तरुण आहेत. त्यांना १९६२ चं युद्ध पाठ आहे. दंगल कुणालाच आठवत नाही. निवेदक ग्रंथालयात जाऊन जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली काढतो आणि क्रिकेटच्या सामन्यावरून तारीख शोधतो. तेव्हा त्याला आपलं स्वतःचं बालपण खरं होतं याचा पुरावा मिळतो. युद्धाला स्मारकं असतात, तारखा असतात, पदकं असतात. दंगलीला यातलं काही नसतं. म्हणून ती प्रत्येक घरात वेगवेगळी, दबक्या आवाजात जिवंत राहते.

आमच्या घरीही हेच झालं. १९९३ च्या मार्चमध्ये आम्ही चाळ सोडून मुंब्र्याला आलो. आमच्यासारखी कितीतरी कुटुंबं तेव्हा इथे आली. मी अब्बांना विचारलं की आपण का आलो? ते म्हणाले, ‘तिकडे जागा लहान पडत होती.’ मुंब्र्याची खोली चाळीतल्या खोलीपेक्षा लहान होती. हे मलाही दिसत होतं, त्यांनाही. पण पुन्हा विचारायचं नाही हे मला समजलं. अब्बांनी मला भीतीपासून वाचवायला हे केलं यात शंका नाही. पण मुलाला गोष्ट सांगितली नाही तर भीती जात नाही, ती फक्त बिननावाची होते. आणि बिननावाच्या भीतीला पुढे कुणीही येऊन हवं ते नाव देऊ शकतं.

श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधल्या मृतांचा आकडा ९०० आहे. त्यातले ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. हा अहवाल १९९८ मध्ये आला. माझ्या वर्गातल्या मुलांपैकी किती जणांनी त्याचं नाव ऐकलंय असं मी परवा विचारलं. दोन हात वर झाले. यातली बहुतेक मुलं ज्या वस्तीत वाढली, ती वस्ती ज्या घटनेने वाढली, त्या घटनेबद्दल त्यांना घरी कुणी काही सांगितलेलं नाही. ‘जागा लहान पडत होती’ हे उत्तर मुंब्र्यात बहुधा एकट्या माझ्याच घरात दिलं गेलं नसावं.

सोन्याची साखळी

निवेदकाची आजी, ठामा, मूळची ढाक्याची. कडक शिस्तीची शाळामास्तरीण. तिच्या ढाक्याच्या घरात दोन भावांच्या भांडणामुळे मधोमध भिंत घातलेली होती. लहानपणी ती धाकट्या बहिणीला भिंतीपलीकडच्या घरात सगळं उलटं चालतं अशा गोष्टी रचून सांगायची. ‘ते’ कसे निर्माण होतात याचं यापेक्षा साधं उदाहरण मला माहीत नाही. ते ‘ते’ म्हणजे सख्खे काका होते.

१९६४ मध्ये ही आजी ढाक्याला जाते ती त्याच काकांना, जेठामोशायना, भारतात आणायला. म्हातारा नव्वदीच्या पुढचा आहे आणि त्याला यायचं नाही. त्याला फसवून खलील नावाच्या रिक्षावाल्याच्या सायकलरिक्षात बसवतात. पुढे गाडी, मागे रिक्षा. वाटेत जमाव. जमाव आधी गाडीवर येतो, मग रिक्षाकडे वळतो. ठामा ड्रायव्हरला म्हणते, गाडी काढ. मे तिच्यावर ओरडते आणि गाडीतून उतरून रिक्षाकडे धावते. तिच्यामागे त्रिदिब धावतो. मे वाचते. म्हातारा, खलील आणि त्रिदिब, तिघे मारले जातात.

वर्गात मुलं ठामाला पटकन दोषी ठरवतात. मी त्यांना थांबवते. मे उतरू शकली, कारण तिला या भीतीची भाषा येत नव्हती. लंडनमध्ये वाढलेल्या मुलीला वाटलं की समोर माणसं आहेत, त्यांच्याशी बोलता येईल. ठामाला ती भाषा येत होती. भीती कधीकधी अज्ञानातून येते असं आपण म्हणतो, पण कधीकधी ती अनुभवातून येते आणि म्हणूनच ती खोटी पाडता येत नाही. गाडीत मी असते तर? मुलं मागे बसली असती तर? मी ‘गाडी काढ’ असंच म्हटलं असतं असं मला वाटतं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण न लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल.

प्रश्न त्यानंतरचा आहे. १९६५ च्या युद्धात हीच आजी, नवऱ्याची आठवण म्हणून आयुष्यभर गळ्यात घातलेली सोन्याची साखळी युद्धनिधीला देऊन टाकते. रेडिओवर युद्धाच्या बातम्या ऐकताना ती भान हरपते, हात रक्तबंबाळ करून घेते. त्यांनी आपल्याला मारण्याआधी आपण त्यांना मारलं पाहिजे, असं तिला वाटू लागलेलं असतं. दुःखाला रडायला जागा मिळाली नाही की ते असं वळण घेतं. घरात सगळे ‘अपघात’ म्हणत होते, मग तिने शोक कुठे करायचा होता? तिला शोकाऐवजी शत्रू मिळाला.

आपल्याकडे ही साखळी किती जणांनी काढून दिली आहे ते आठवून पाहा. आणि फक्त समोरच्यांकडे बोट दाखवू नका. आपल्या मोहल्ल्यातही भीतीच्या नावाने वर्गणी गोळा होते, मतं गोळा होतात, तोंडं बंद केली जातात. ‘आत्ता ही वेळ नाही’ हे वाक्य मी माझ्या जाणत्या वयात कधीच न ऐकल्याचं आठवत नाही. भीतीच्या राज्यात ती वेळ कधी येतच नाही.

रिक्षावाला खलील

आता मी ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो. मेलेले तिघे आहेत. कादंबरी त्रिदिबसाठी रडते, आणि ते स्वाभाविक आहे, निवेदकाचं त्याच्यावर प्रेम होतं. म्हातारा काका निदान कुटुंबाचा माणूस म्हणून आठवला जातो. खलील?

जेठामोशाय एकेकाळी इतके कर्मठ होते की मुसलमानाची सावलीदेखील त्यांना जेवणाजवळ चालत नसे. म्हातारपणी सगळे नातेवाईक निघून गेल्यावर त्यांना खाऊपिऊ घालतात ते खलील आणि त्याची बायको. घरात बिहारमधून आलेले मुसलमान निर्वासित राहतात, म्हणजे तेही कुठूनतरी घर गमावूनच आलेले. खलीलला हा म्हातारा कुणी सोपवलेला नव्हता. तो एकटा पडला होता म्हणून सांभाळायचा, एवढंच. आणि त्या दिवशी रस्त्यात जमाव समोर आल्यावर खलीलला रिक्षा सोडून पळता आलं असतं. जमाव त्याच्या धर्माचा होता. तो पळाला नाही. त्याला बायको होती, मुलं होती.

मी अनेक वर्षं मुलांना ‘त्रिदिबचं बलिदान’ या विषयावर टिपणं दिली. ‘खलीलचं बलिदान’ असा मुद्दा मी कधी फळ्यावर लिहिला नाही. मीही नाही, मुंब्र्यात राहून, मुसलमान असून. कारण भीतीने आपल्याला मोजायची एक पद्धत शिकवली आहे. आपले किती, त्यांचे किती. या हिशेबात खलील बसतच नाही. तो ‘त्यांच्या’साठी मेला म्हणून आपल्या यादीत नाही, आणि ‘आपला’ होता म्हणून त्यांच्या यादीत नाही. दंगलीच्या इतिहासातून सगळ्यात आधी गळतात ती ही माणसं.

घोष यांनी स्वतःच्या लहानपणाबद्दल जे लिहिलं आहे त्यातही हे आहे. १९६४ मध्ये त्यांचे वडील नोकरीनिमित्त ढाक्यात होते. त्यांच्या घराच्या आवारात हिंदू कुटुंबं आश्रयाला आली होती आणि बाहेर जमाव जमला होता. त्या रात्री पोलिसांना खबर पोचवून त्यांना वाचवलं ते आईवडिलांच्या मुसलमान मित्रांनी. त्याच दिवसांत कलकत्त्यात अनेक हिंदूंनी मुसलमानांना घरात लपवलं होतं. दोन्ही शहरांत अफवा सारख्या, हत्यारं सारखी, आणि दार उघडणारे शेजारीही सारखेच.

आरशात कोण दिसतं

कादंबरीचा सगळ्यात प्रसिद्ध विचार असा की ढाका आणि कलकत्ता ही एकमेकांची आरशातली रूपं आहेत. सीमारेषा आखून त्यांना वेगळं करायला गेले, आणि त्या रेषेनेच त्यांना घट्ट बांधून टाकलं. एका बाजूला ठिणगी पडली की दुसऱ्या बाजूला आग लागते. रस्ता, शेजार, रोजचं आयुष्य क्षणात उलटू शकतं हे मनात बाळगून जगणं हीच या उपखंडातल्या माणसांची सामाईक ओळख, असंही निवेदकाला वाटतं.

यावर माझा थोडा वाद आहे. सगळ्यांची भीती सारखी असते, हे अर्धसत्य आहे. जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत अफवा होती की समुद्रकिनाऱ्यावर बोटींतून हत्यारबंद माणसं उतरणार आहेत. आमच्या चाळीतले पुरुष रात्रभर गच्चीवर पहारा देत होते. खाली खोलीत अब्बाही रात्रभर जागेच होते. एका इमारतीत दोन भीती जाग्या होत्या. गच्चीवरचे लोक ढोंग करत नव्हते, ते खरोखर घाबरले होते. पण ज्या बोटीला ते घाबरले ती कधी आलीच नाही. आम्ही ज्याला घाबरलो होतो तो जमाव बाजूच्या गल्लीपर्यंत आला होता. बहुसंख्याकांची भीती बऱ्याचदा ऐकलेली असते, अल्पसंख्याकांची बऱ्याचदा पाहिलेली. हा फरक पुसून ‘दोन्हीकडून चुका झाल्या’ असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही.

पण आरशाचा उपयोग दुसरीकडे आहे, आणि तो आपल्याला अडचणीचा आहे. आरशात बघितलं तर कलकत्त्यातल्या मोंटूच्या जागी ढाक्यात कोण उभा आहे? जेठामोशाय. तिथला हिंदू. म्हणजे माझं नातं जितकं मोंटूशी, तितकंच त्या म्हाताऱ्याशी आहे. सीमेपलीकडे हिंदूंच्या घरावर, मंदिरावर हल्ला होतो तेव्हा मला पहिली आठवण चाळीतल्या माझ्या खोलीची यायला हवी. ती येत नसेल आणि ‘पण इथे आमच्यावर काय होतं ते बघा’ एवढंच तोंडात येत असेल, तर मी कादंबरी वाचली पण आरशात बघितलं नाही.

आणि अफवेला धर्म लागतोच असंही नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात भिक्षेकरी भटक्या जमातीतल्या पाच माणसांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. टाला टाकीची जागा व्हॉट्सअॅपने घेतली होती, बाकी सगळं तेच होतं. ‘ते’ कोण, हे तिथेही कुणी विचारलं नाही.

काळे झेंडे

भीतीवर उपाय धैर्य, असं भाषणांत सांगतात. कादंबरीने मला दुसरं काहीतरी दाखवलं, आणि ते मला जास्त उपयोगी वाटतं.

कलकत्ता आणि ढाक्याच्या त्या आगीचं निमित्त होतं श्रीनगरमधलं. २७ डिसेंबर १९६३ रोजी हजरतबल दर्ग्यातून पैगंबरसाहेबांचा मानला जाणारा पवित्र केस नाहीसा झाला. काश्मीरमध्ये कडाक्याच्या थंडीत हजारो लोक रस्त्यावर आले. सगळ्यात मोठा संताप तिथेच होता. तरीही काश्मीरमध्ये मुसलमानांनी हिंदूंवर हात उचलला नाही. उलट मोर्च्यांत मुसलमान, हिंदू आणि शीख एकत्र चालले. कादंबरी याचं श्रेय मौलाना मसूदी यांना देते. त्यांनी लोकांना हिरवे झेंडे ठेवून काळे झेंडे घ्यायला लावले. हिरव्या झेंड्याखाली एकच समाज येऊ शकत होता. काळा झेंडा दुःखाचा, त्याखाली कुणीही उभं राहू शकत होतं. ४ जानेवारीला केस परत मिळाला आणि श्रीनगरमध्ये लोकांनी आनंद केला. आग लागली ती तिथून दूर, खुलन्यात, आणि मग कलकत्त्यात.

मौलानांनी लोकांना ‘घाबरू नका’ किंवा ‘रागावू नका’ असं सांगितलं नाही. त्यांनी फक्त झेंड्याचा रंग बदलला. शोकाला शत्रू देण्याऐवजी शोकाला जागा दिली. ठामाला जे मिळालं नाही ते हेच होतं.

अशी उदाहरणं आपल्या दारातही आहेत. भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये भयानक दंगली झाल्या. नंतर सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी तिथे असताना मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं महिन्या-महिन्याला एकत्र बसू लागली, गटार-पाण्याच्या तक्रारी बोलू लागली. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. अफवा तेव्हा भिवंडीत आल्या नसतील असं मला वाटत नाही. पण ‘ते’ म्हटल्यावर तिथल्या लोकांच्या डोळ्यासमोर एक ओळखीचा चेहरा येत होता, ज्याला जाऊन विचारता येत होतं.

१९८४ मध्ये शिखांविरुद्धच्या हिंसाचारात घोष दिल्लीत होते. त्या अनुभवानेच ही कादंबरी लिहायला लावली, असं त्यांनी पुढे लिहिलं आहे. तेव्हा ते एका छोट्या निषेध मोर्च्यात सामील झाले होते. लाजपत नगरमध्ये हल्लेखोर समोर आले. मोर्च्यातल्या बायका पुढे झाल्या आणि त्यांनी पुरुषांभोवती कडं केलं. हल्लेखोर गोंधळले आणि निघून गेले. त्या बायका घाबरल्या नव्हत्या असं मला म्हणायचं नाही. घाबरलेल्या असूनही त्या एकट्या नव्हत्या, एवढाच फरक.

मोंटूचं पुढे काय झालं, हे मला अजूनही माहीत नाही. माझी चाळीतली मैत्रीण आता कुठे असते हेही माहीत नाही. तिच्या लग्नानंतरचं आडनाव मला ठाऊक नाही. पुढच्या तासाला मी त्या विद्यार्थिनीला खरं उत्तर दिलं. सांगितलं की मोंटूचं कुटुंब बहुधा दुसऱ्या वस्तीत राहायला गेलं असेल, जागा लहान पडत होती असं त्याला सांगितलं गेलं असेल, आणि तो मोठा होऊन कदाचित कुठल्यातरी कॉलेजात शिकवत असेल. वर्ग शांत झाला. मग मी जिन्यातली गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच, कुणालाही.

तास संपल्यावर तीन मुली थांबल्या. त्यांच्यातली एक म्हणाली की ती आज घरी जाऊन नानीला विचारणार आहे, आपण मुंब्र्याला का आलो. दुसरीने विचारलं, ‘मॅडम, फळ्यावर अजून एक मुद्दा लिहायचा राहिला ना?’

मी खडू घेतला आणि ‘खलील’ असं लिहिलं.

आपल्या घरी जेव्हा केव्हा दंगलीची आठवण निघेल तेव्हा एवढं करू या. मुलांना ‘अपघात झाला’ असं सांगायचं नाही. काय झालं ते सांगायचं, ‘ते’ न म्हणता नावं घेऊन सांगायचं, आणि ज्याने दार उघडलं त्याचं नाव त्यात असल्याशिवाय गोष्ट पूर्ण करायची नाही. आमच्या चाळीत खालच्या मजल्यावरच्या आजींनी चार रात्री आम्हाला त्यांच्या खोलीत झोपवलं होतं. हे मी वर कुठेच लिहिलं नाही हे आत्ता शेवटाकडे आल्यावर लक्षात आलं. हिशेब करायची सवय अशी असते. म्हणून ते इथे लिहून ठेवते.